शंभरपैकी शंभरचा हट्ट आणि रिकामे ताट

परिपूर्णतेचा ध्यास हा आपल्याकडे गुण मानला जातो. परंतु हाच ध्यास ताटापर्यंत पोहोचला, की हुशार आणि कष्टाळू विद्यार्थ्यांचे अन्नाशी असलेले नाते बिघडू लागते. अशा वेळी स्वत:ला अधिक धारेवर धरावे, की थोडी माया करावी? गेल्या काही दशकांतील मानसशास्त्रीय संशोधनाने या प्रश्नाला दिलेले उत्तर अनेकांच्या समजुतीला धक्का देणारे आहे.

परीक्षेत ९८ गुण मिळवून आलेल्या मुलाला 'उरलेले दोन कुठे गेले?' असे विचारणारे कोणी ना कोणी प्रत्येक घरात असते. प्रश्न बहुधा थट्टेने विचारलेला असतो आणि विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. काही मुले मात्र तो मनात जपून ठेवतात. पुढे कोणी विचारो वा न विचारो, ती स्वत:च स्वत:ला तो विचारत राहतात. निबंध चांगला झाला, पण एक शब्द चुकला. व्याख्यान छान झाले, पण मध्ये एकदा अडखळायला झाले. केलेल्या कामापेक्षा राहून गेलेले दोन गुणच त्यांना मोठे दिसू लागतात.

शाळेत याचा त्रास फारसा जाणवत नाही, कारण तिथे ही मुले बहुधा पहिल्या पाचात असतात. विद्यापीठात पाऊल टाकल्यावर चित्र पालटते. वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेतला हुशार विद्यार्थी असतो. घर सुटलेले असते. जेवणाची वेळ टळली म्हणून हाक मारणारे कोणी जवळ नसते. मेसमध्ये किती वाढून घेतले, किती टाकले, की ताट घेतलेच नाही, याची नोंद ठेवणारेही कोणी नसते. खाण्याचे विकार प्रामुख्याने ज्या वयात डोके वर काढतात, ते नेमके हेच वय आहे. पौगंडावस्थेचा उत्तरार्ध आणि तारुण्याचा उंबरठा.

ध्यासाचे तीन चेहरे

परिपूर्णतेचा ध्यास म्हणजे केवळ उत्तम काम करण्याची इच्छा नव्हे. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली त्याचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात माणूस स्वत:कडून निर्दोषपणाची अपेक्षा करतो. दुसऱ्यात तो ती इतरांकडून करतो. तिसरा प्रकार सर्वांत जाचक मानला जातो. 'मी परिपूर्ण असेन तरच लोक मला स्वीकारतील', अशी त्या व्यक्तीची ठाम समजूत असते. लोकांची अपेक्षा खरोखर तेवढी असते की नाही, हा प्रश्न इथे गौण ठरतो. समजूतच पुरेशी असते.

ब्रिटनमधील संशोधक थॉमस कुरन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील उत्तरे एकत्र करून तपासली. ४१ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची ही माहिती होती. या काळात तिन्ही प्रकारांत वाढ झालेली दिसली. स्वत:कडून अपेक्षा करण्याचे प्रमाण १० टक्क्यांनी, इतरांकडून अपेक्षा करण्याचे १६ टक्क्यांनी वाढले होते. 'लोक माझ्याकडून परिपूर्णतेची अपेक्षा करतात' या भावनेत झालेली वाढ तब्बल ३३ टक्के होती. हे आकडे पश्चिमेतील असले, तरी त्याच विद्यापीठांत आज मराठी घरांतील असंख्य मुले-मुली शिकत आहेत. आणि गुणांच्या शर्यतीचे म्हणाल, तर आपणही मागे नाही. दिल्लीतील एका नामांकित महाविद्यालयाने २०११ साली वाणिज्य शाखेच्या प्रवेशासाठी काही विद्यार्थ्यांकडे चक्क १०० टक्के गुण मागितले होते, ते अनेकांना आठवत असेल.

उत्तम कामाची ओढ आणि घातक ध्यास यांत फरक कसा करायचा? रॉझ शाफ्रन, झफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न या ब्रिटिश तज्ज्ञांनी २००२ साली त्याची एक सोपी कसोटी दिली. माणूस आपली सगळी किंमत ठरवलेली उद्दिष्टे गाठण्यावर टांगून ठेवतो आणि त्याचे दुष्परिणाम दिसत असूनही थांबू शकत नाही, तेव्हा तो ध्यास घातक झालेला असतो. एखाद्या गायकाला सूर नेमका लागावा असे वाटते, ही ओढ झाली. एक सूर निसटला म्हणून आपण माणूस म्हणूनच टाकाऊ आहोत असे त्याला वाटू लागले, तर तो आजाराच्या वाटेवर आहे.

गुणपत्रिकेकडून ताटाकडे

मग हा ध्यास अन्नाकडे का वळतो? याचे एक उत्तर 'आकडा' या शब्दात आहे. विद्यापीठातील यश धूसर असते. प्रबंध चांगला झाला की नाही हे कळायला महिने लागतात आणि मैत्रीला किंवा प्रेमाला गुण देता येत नाहीत. वजनकाटा मात्र रोज सकाळी निकाल देतो. ज्या मुलीची ओळखच गुणांवर उभी आहे, तिला नव्या शहरात, नव्या स्पर्धेत आपली जागा सापडेनाशी झाली, की शरीर हा एक 'विषय' वाटू लागतो. पुरेसा अभ्यास केला, तर इथे तरी पैकीच्या पैकी मिळतील, असे तिचे मन तिला सांगते.

जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत काम केलेल्या मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांनी १९७८ साली 'द गोल्डन केज' म्हणजे 'सोन्याचा पिंजरा' या नावाचे पुस्तक लिहिले. हे नाव त्यांच्या एका रुग्ण मुलीने स्वत:ला दिलेल्या उपमेवरून आले होते. अशा रुग्णांपैकी अनेक जणी लहानपणापासून आज्ञाधारक, अभ्यासू, कोणालाही त्रास न देणाऱ्या होत्या, असे ब्रुख यांना आढळले. बाहेरून सारे काही आलबेल दिसत असताना आतून मात्र 'माझ्या हातात काहीच नाही' ही भावना त्यांना पोखरत होती. अन्न नाकारणे ही त्यांच्या दृष्टीने आपल्या आयुष्यावर ताबा मिळवण्याची धडपड होती.

वैद्यकशास्त्र खाण्याच्या विकारांचे काही प्रमुख प्रकार मानते. 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' या विकारात व्यक्ती अन्न इतके कमी करते, की वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरते. हे नाव ब्रिटिश डॉक्टर विल्यम गल यांनी १८७० च्या दशकात रूढ केले. 'बुलिमिया नर्व्होसा'मध्ये अनावर खाण्याचे झटके येतात आणि पाठोपाठ ते 'भरून काढण्याचे' घातक प्रयत्न होतात. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली त्याचे वर्णन केले. अशा प्रयत्नांशिवाय केवळ झटके येत राहणे, हा 'बिंज इटिंग' विकार २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून मान्य झाला आहे. या नावांच्या अलीकडे मोठा करडा पट्टा आहे. त्यात रोगनिदान होण्याइतकी लक्षणे नसतात, पण दिवसातला बराचसा वेळ 'काय खाल्ले, काय खायला नको होते' याच हिशेबात जातो. विद्यापीठांतील त्रस्त विद्यार्थ्यांपैकी बरेच जण याच पट्ट्यात असतात आणि म्हणूनच नजरेतून सुटतात.

हा केवळ मुलींचा प्रश्न आहे, असेही समजू नये. मुलांमध्ये तो अनेकदा उलट वेशात येतो. आपण पुरेसे पिळदार नाही या भावनेने जिममध्ये तासन् तास घालवणे, ठरावीक पदार्थांखेरीज काहीही न खाणे, मित्रांसोबत जेवायला जाणे टाळणे, अशी त्याची रूपे असतात. त्याला 'फिटनेस' म्हणून शाबासकी मिळते, त्यामुळे शंका कोणालाच येत नाही.

नियम मोडतो तेव्हा

'इच्छाशक्ती कमी पडली म्हणून खाल्ले', असे या विद्यार्थ्यांना मनापासून वाटत असते. ही समजूत किती चुकीची आहे, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. युद्धानंतर उपासमारीने खंगलेल्या युरोपातील जनतेला पुन्हा कसे पोसायचे, हे शोधण्यासाठी १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी तो केला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. सारे शरीराने आणि मनाने निरोगी होते. २४ आठवडे त्यांना अपुरे अन्न देण्यात आले.

या काळात त्यांची मने बदलत गेली. दिवसभर अन्नाचेच विचार येऊ लागले. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. जेवण लांबवत नेणे, चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा, अभ्यासात लक्ष न लागणे, ही लक्षणे दिसू लागली. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर काही जणांचे खाणे अनावर झाले आणि पोट भरल्याची जाणीवच त्यांना होईना. या तरुणांना बारीक व्हायचे नव्हते, की आरशाची भीती नव्हती. तरीही निव्वळ उपासमारीने त्यांची ही अवस्था झाली. उपाशी मेंदू अन्नामागे धावतो, तो त्याचा स्वभावधर्म आहे. चारित्र्याचा दोष त्यात शोधणे व्यर्थ होय.

याला परिपूर्णतेची जोड मिळाली, की दुहेरी फास बसतो. मार्गारेटा... अशा एखाद्या नावाची गरज नाही, कोणत्याही वसतिगृहात हे घडू शकते: गोड अजिबात नाही, रात्री आठनंतर काही नाही, असे कडक नियम केले जातात. नियम जितके कडक, तितके ते मोडण्याची शक्यता अधिक. आणि मोडल्यावर 'थोडे चुकले' असे वाटत नाही, 'सगळेच बिघडले' असे वाटते. उपवासाच्या दिवशी चुकून घासभर काही तोंडात गेले, की 'आता मोडलाच आहे, तर जेवूनच घेऊ' असे म्हणणारी माणसे आपल्या परिचयाची आहेत. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली हाच स्वभाव प्रयोगात पकडला. त्यांनी विद्यार्थिनींना चव तपासण्याच्या निमित्ताने आधी मिल्कशेक दिला आणि नंतर हवे तेवढे आइस्क्रीम पुढे ठेवले. एरवी खाण्यावर बंधने न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्ले. सतत बंधने घालणाऱ्यांनी मात्र उलट अधिक खाल्ले. पुढील प्रयोगांत असेही दिसले, की पदार्थ खरोखर किती 'भारी' आहे याहून तो भारी आहे ही समजूतच हा बांध फोडायला पुरते.

बांध फुटल्यावर येते ती शरम. शरमेतून आणखी कडक नियम, त्या नियमांतून पुन्हा भूक आणि भुकेतून पुन्हा तोच झटका. हे चक्र फिरवत ठेवणारी ऊर्जा म्हणजे स्वत:वर ओढलेले आसूड. फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलेल्या सिद्धान्तात घातक परिपूर्णतेला खाण्याचे विकार टिकवून धरणाऱ्या प्रमुख कारणांत स्थान दिले आहे, ते याचसाठी.

एका डोनटची परीक्षा

इथे प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात एक भीती असते. 'मी स्वत:ला रागावणे थांबवले, तर मी पुरती घसरेन. या आसुडामुळेच तर मी इथवर आले.' छडीशिवाय विद्या येत नाही, या संस्कारात वाढलेल्या समाजात ही भीती स्वाभाविक आहे. ती खरी आहे का, हे क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी तपासून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकेतील ८४ विद्यार्थिनी सहभागी झाल्या होत्या.

त्यांच्यापैकी काही जणींना आधी डोनट खायला देण्यात आला. डोनट म्हणजे तळलेला, साखरेत घोळवलेला गोड पदार्थ. डाएट करणाऱ्यांच्या दृष्टीने तो महापापच. त्यानंतर एका गटाला संशोधिकेने सहज बोलता बोलता सांगितले, की असे पदार्थ सगळेच खातात, या अभ्यासातही सर्व जणी तो खात आहेत, तेव्हा त्याबद्दल स्वत:ला फार बोल लावू नका. दुसऱ्या गटाला असे काही सांगितले नाही. मग सर्वांसमोर वेगवेगळ्या गोळ्या-चॉकलेटांनी भरलेले वाडगे ठेवून चव तपासायला सांगण्यात आले. कोण किती खाते, हे वाडग्यांचे वजन करून मोजले गेले.

'सूट दिली तर घसरण होते' हे गृहीतक खरे असते, तर दिलासा मिळालेल्या मुलींनी अधिक खायला हवे होते. घडले उलटे. खाण्यावर कडक बंधने घालणाऱ्या मुलींपैकी ज्यांच्या कानांवर ते चार मायेचे शब्द पडले होते, त्यांना वाईटही कमी वाटले आणि त्यांनी गोळ्याही कमी खाल्ल्या. ज्यांना कोणी काही म्हटले नाही, त्यांच्या मनातला आसूड आपले काम करत राहिला आणि त्यांनी अधिक खाल्ले. दोन वाक्यांनी आयुष्य बदलत नाही, हे खरे. परंतु चक्राला गती कोठून मिळते, ते या छोट्या प्रयोगाने स्पष्ट दाखवले.

अभ्यासाच्या बाबतीतही असेच दिसते. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वत:ला क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगांत, शब्दसंग्रहाच्या कठीण चाचणीत अपयश आल्यावर स्वत:कडे सहृदयतेने पाहायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या चाचणीसाठी अधिक वेळ अभ्यास केला. याचे कारण उघड आहे. चूक कबूल करणे म्हणजे स्वत:ला फाशी देणे नव्हे, हे कळले, की चुकीकडे डोळे उघडून पाहण्याचे धैर्य येते.

लाड, कीव आणि करुणा

या सहृदयतेला संशोधक 'आत्मकरुणा' म्हणतात. टेक्सास विद्यापीठातील क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली तिची व्याख्या केली आणि ती मोजण्यासाठी २६ विधानांची प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मते आत्मकरुणेची तीन अंगे आहेत. स्वत:ला कठोर शब्दांनी न झोडपता मायेने वागवणे, हे पहिले. चुका आणि दु:खे सर्वांच्याच वाट्याला येतात, आपण त्यात एकटे नाही, हे जाणणे दुसरे. वेदनेकडे दुर्लक्ष न करणे आणि तिच्यात वाहूनही न जाणे, हे तिसरे.

मराठीत लाड, कीव आणि करुणा हे तीन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्यच. लाड करणारा मूल मागेल ते देतो. कीव करणारा दुरून चुकचुकतो. करुणेत मात्र दुसऱ्याचे दु:ख हलके व्हावे ही इच्छा असते आणि त्यासाठी काही करण्याची तयारीही. आजारी मुलाला कडू औषध पाजणारी आई त्याचे लाड करत नसते.

नेफ यांची ओळख या विचाराशी बौद्ध ध्यानपरंपरेतून झाली आणि त्या परंपरेत तो जुनाच आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मैत्रीभावनेचा आरंभ स्वत:पासून करावा, असे सांगितले आहे. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जाऊन आलेल्यांना शिबिराच्या अखेरीस शिकवली जाणारी 'मंगल मैत्री' आठवेल. त्याच परंपरेतील एक कथा तर आपल्या विषयाला थेट भिडणारी आहे. कठोर उपोषणाने देहाचा सापळा झाल्यावर सिद्धार्थाने सुजाताने दिलेली खीर स्वीकारली. ते पाहून, हा आता चैनीकडे वळला असे समजून त्याच्या पाच सोबत्यांनी त्याची साथ सोडली. अन्न घेणे म्हणजे घसरणे, ही शंका अशी फार जुनी आहे. बोधी त्याला त्यानंतरच लाभली.

आपल्याकडचे प्रश्न

भारतीय रुग्णांना पाश्चात्त्य मापे जशीच्या तशी लावता येत नाहीत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुण रुग्ण मुलींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचे वजन घटले होते, खाणे सुटले होते, पण 'मी जाड आहे' ही पश्चिमेत हमखास आढळणारी समजूत त्यांच्यात दिसली नाही. उपवासाची रूढी हाही गुंतागुंतीचा भाग आहे. उपवास करणारी प्रत्येक व्यक्ती आजारी नसते, हे उघड आहे. मात्र आधीच त्रस्त असलेल्या मुलीला आठवड्यातून तीन उपवास हे आजाराला मिळालेले प्रतिष्ठित आवरण ठरू शकते. श्रद्धेचा उपवास दुसऱ्या दिवशी समाधानाने सुटतो. आजाराचा उपवास सोडायची वेळ आली, की भीती वाटते. घरातल्यांनी लक्ष ठेवायचे ते या भीतीवर.

दुसरी गोष्ट आपल्या बोलण्याची. सुट्टीत घरी आलेल्या मुलीचे स्वागत 'किती सुटलीस' किंवा 'छान बारीक झालीस' या शब्दांनी करण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. बोलणारा विसरून जातो. ऐकणारी मात्र ते शब्द घेऊन वसतिगृहावर परत जाते. दुसरे वाक्य तर अधिक धोक्याचे, कारण ते आजारालाच शाबासकी देते.

संशोधनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. या क्षेत्रातील बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य विद्यार्थिनींवर झाले आहेत आणि त्यातले अनेक एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेले आहेत. ज्यांच्यात आत्मकरुणा अधिक, त्यांच्यात खाण्याच्या तक्रारी कमी, एवढे त्यांतून वारंवार दिसते. कोणते कारण आणि कोणता परिणाम, हे त्यांवरून ठरत नाही. कॅनडातील अ‍ॅलिसन केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, उपचारांच्या सुरुवातीलाच ज्यांची आत्मकरुणा वाढली, त्यांची लक्षणे अधिक वेगाने कमी झाल्याचे दिसले. याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. काही रुग्णांना स्वत:शी मायेने वागण्याचीच भीती वाटते आणि ज्यांना ती अधिक वाटते, त्यांचा आजारही अधिक तीव्र असतो. म्हणून 'स्वत:वर प्रेम कर' असे सांगून मोकळे होणे उपयोगाचे नाही. ही सवय हळूहळू, कोणाच्या तरी सोबतीने लावावी लागते.

काय करता येईल?

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे, की खाण्याचे विकार ही नखरेबाजी नाही. अ‍ॅनोरेक्सियातील मृत्यूचे प्रमाण मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. हृदयाची लय बिघडणे, रक्तातील क्षारांचे संतुलन ढासळणे, हाडे ठिसूळ होणे, पाळी थांबणे, असे गंभीर परिणाम होतात आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो. वजन झपाट्याने बदलणे, चक्कर येणे, जेवणानंतर लगेच एकांत शोधणे, चारचौघांत जेवणे टाळणे, खाण्याबद्दल सतत अपराधी वाटणे, यांपैकी काही दिसले, तर डॉक्टरांची आणि मनोविकारतज्ज्ञांची भेट लांबवू नये. व्यक्ती बारीक दिसत नाही, म्हणून ती बरी आहे असेही समजू नये. बोधनिष्ठ वर्तनोपचार आणि लहान वयाच्या रुग्णांसाठी कुटुंबाला सोबत घेऊन केले जाणारे उपचार यांचा चांगला उपयोग होतो. तातडीने कोणाशी बोलायचे असल्यास केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक नि:शुल्क आहे.

मित्रमैत्रिणींनी ताटावर पहारा ठेवू नये आणि वादही घालू नये. 'हल्ली तू जेवायला येत नाहीस, मला काळजी वाटते. डॉक्टरांकडे मी बरोबर येतो', एवढे पुरेसे असते. पालकांनी निकालाबद्दल विचारण्याआधी झोपेबद्दल, मित्रांबद्दल, मेसच्या जेवणाबद्दल विचारावे. शिक्षकांनी स्वत:च्या फसलेल्या प्रयोगांविषयी, परत आलेल्या शोधनिबंधांविषयी वर्गात बोलावे. चुका सर्वांच्या होतात, हे हुशार विद्यार्थ्यांना पुस्तकातून पटत नाही. ज्यांना ते मानतात, त्यांच्याकडून ते ऐकावे लागते.

आणि स्वत: विद्यार्थ्याने? आपल्या जिवलग मैत्रिणीच्या हातून हीच चूक झाली असती, तर तिला काय म्हटले असते, ते कागदावर लिहून काढावे आणि खाली स्वत:चे नाव घालून वाचावे. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते, तरीही करावे. उपचारतज्ज्ञ आणखी एक साधी गोष्ट आग्रहाने सांगतात. खाण्याचा झटका येऊन गेल्यावर त्याची भरपाई म्हणून पुढचे जेवण कधीही चुकवू नये, कारण त्या चुकवलेल्या जेवणातूनच पुढचा झटका जन्म घेतो. दुपारी काहीही घडलेले असो, रात्री ठरलेल्या वेळी मेसमध्ये जावे, ताट वाढून घ्यावे आणि चार जणांत बसून जेवावे. ज्याला आपण आत्मकरुणा हे जड नाव दिले, तिची सुरुवात बहुतेक वेळा या एका जेवणापासून होते.